ऑडिओग्राम दिसतोय, पण निदान लिहिलेलं नाही

पत्राचा सारांश: पुण्यातल्या एका मेडिकल कोडिंग कंपनीत (रुग्णाच्या नोंदी वाचून विम्याच्या दाव्यासाठी कोड देणाऱ्या) काम करणाऱ्या २७ वर्षांच्या वाचक लिहितात, ‘मायक्रोबायोलॉजीत बीएस्सी केलं, मग सीपीसी ही कोडिंगची परीक्षा. तीन वर्षं ई अँड एमचं, म्हणजे डॉक्टरांच्या भेटींच्या कोडिंगचं काम केलं. चार महिन्यांपूर्वी मला ईएनटीच्या (कान-नाक-घसा) प्रोजेक्टवर टाकलं. क्लायंट अमेरिकेतला आहे, मी घरून काम करते. डॉक्टरांच्या असेसमेंटमध्ये, म्हणजे नोटमधल्या निदानाच्या भागात, बरेचदा फक्त “हिअरिंग लॉस” एवढंच असतं. सोबत ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख) जोडलेला असतो आणि आलेखावरून स्पष्ट दिसतं की दोन्ही कानांत सेन्सरीन्यूरल (आतल्या कानाचा किंवा नसेचा दोष) आहे. टीएल (टीम लीड) सर म्हणतात, “सरळ एच९०.३ (दोन्ही कानांत सेन्सरीन्यूरल) टाक, अनस्पेसिफाइड (प्रकार न सांगणारे) कोड क्लायंटला चालत नाहीत.” मी तसं केलं तर क्यूएने (काम तपासणाऱ्या टीमने) एरर दिली. दुसऱ्या चार्टला (रुग्णाच्या नोंदीला) एच९१.९३, म्हणजे दोन्ही कानांतला अनस्पेसिफाइड, टाकला, त्यालाही एरर आली. एका चार्टमध्ये उजव्या कानात मिक्स्ड आणि डाव्यात सेन्सरीन्यूरल होतं. मी एच९०.६ टाकला, तोही चुकला. तिथेही आलेखावरून स्पष्ट दिसत होतं. शेवटी नाव झाकून ऑडिओग्रामचा फोटो कोडर्सच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, तर निम्मे एका बाजूला, निम्मे दुसऱ्या. ९५ टक्के अचूकता लागते, माझी ९१ वर आली आहे. आलेखावरून स्पष्ट दिसत असताना मी उगाच चिकित्सा करतेय का? टीएलचं ऐकून गप्प बसू की प्रोजेक्ट बदलून मागू?’

उत्तर:

तुमच्या पत्रात ‘आलेखावरून स्पष्ट दिसतं’ हे शब्द तीनदा आले आहेत. गाठ तिथेच आहे, म्हणून आधी ती सोडवू. प्रोजेक्ट बदलायचा की नाही हे नंतर पाहू.

तुम्ही आलेख बरोबर वाचत असणार, याबद्दल मला शंका नाही. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुलीच्या खुणा, हाडावरून घेतलेल्या थ्रेशोल्डचे (ऐकू येणाऱ्या सर्वांत हळू आवाजाच्या पातळीचे) कंस. गोल आणि कंस बरोबरीने खाली उतरत असतील, दोघांत १० डेसिबलपेक्षा जास्त अंतर नसेल, तर दोष आतल्या कानाचा किंवा नसेचा, म्हणजे सेन्सरीन्यूरल. कंस वर राहिले आणि गोल खाली गेले तर कंडक्टिव्ह, म्हणजे आवाज आत पोहोचण्यातच अडथळा. दोन्ही खाली आणि मध्ये फट असेल तर मिक्स्ड, म्हणजे एकाच कानात दोन्ही दोष. एवढं कुठल्याही प्रशिक्षणात पहिल्या तासाला शिकवतात. पण हाच आलेख कुठे कुठे फसवतो, हे त्या तासाला कोणी सांगत नाही.

कवटीच्या हाडावरून दिलेला आवाज दोन्ही कानांच्या आतल्या भागाला जवळजवळ सारखाच पोहोचतो. उजव्या कानामागे यंत्र ठेवलं तरी उत्तर डावा कान देऊ शकतो. हेडफोनमधून दिलेला आवाजसुद्धा साधारण ४० डेसिबलच्या पुढे गेला की पलीकडच्या कानाला ऐकू जायला लागतो. म्हणून ऑडिओलॉजिस्ट चांगल्या कानात खरखर सोडून त्याला गुंतवून ठेवतात. याला मास्किंग म्हणतात. मास्किंग केलेल्या थ्रेशोल्डची चिन्हं वेगळी असतात: हवेसाठी उजवीकडे त्रिकोण, डावीकडे चौकोन, आणि हाडासाठी चौकोनी कंस. मास्किंग झालंच नसेल, तर पूर्ण निकामी झालेला उजवा कान आलेखावर चक्क कंडक्टिव्ह दिसू शकतो, कारण कंस डाव्या कानाने दिलेले असतात. वयस्कर रुग्णाच्या कानाची नळी हेडफोनच्या दाबाने मिटते आणि वरच्या फ्रिक्वेन्सींना खोटी फट दिसते. फार खोल दोष असेल तर २५० हर्ट्झला रुग्ण आवाज ऐकत नाही, त्याला कंप जाणवतो आणि तो बटण दाबतो. पुन्हा खोटी फट. टिम्पॅनोग्राम (कानाच्या पडद्याच्या हालचालीची तपासणी), शब्द ओळखण्याची टक्केवारी, रिफ्लेक्स, कानात दुर्बिणीतून काय दिसलं, हे सगळं एकत्र मांडून माणूस ठरवतो की फट खरी आहे की नाही. ते ठरवण्याचं काम परवानाधारक माणसाचं. तुमच्या समोर त्यातला एकच कागद येतो.

नियमही हेच सांगतो. आयसीडी-१०-सीएमच्या (अमेरिकेतल्या निदान-कोडच्या यादीच्या) अधिकृत मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट आहे की कोड ठरतो तो प्रोव्हायडरने (सेवा देणाऱ्या डॉक्टरने वा तज्ज्ञाने) लिहिलेल्या निदानाच्या विधानावरून. याच सूचनांच्या बाह्यरुग्ण विभागात म्हटलं आहे की तपासणीचा अर्थ डॉक्टरने लावलेला असेल आणि अंतिम अहवाल हातात असेल, तर त्या अहवालातलं पक्कं निदान कोड करावं. ‘अर्थ लावलेला’ या शब्दांवर सगळं अवलंबून आहे. आलेख हा अर्थ लावण्याआधीचा कच्चा माल. आणि या सूचना पाळणं क्लायंटच्या मर्जीवर सोडलेलं नाही, हिपा या अमेरिकेतल्या आरोग्य-माहितीच्या कायद्याखाली ते बंधनकारक आहे. ‘क्लायंटला चालत नाही’ हे वाक्य इथे लागू पडत नाही, ते यामुळे.

पण म्हणून एच९१.९३ आपोआप बरोबर ठरत नाही. तुमच्या पत्रातलं दुसरं गृहीतक हेच आहे: एकतर नेमका कोड, नाहीतर अनस्पेसिफाइड. त्या दोघांच्या मध्ये बरीच जागा आहे आणि तुमचे ४ टक्के बहुधा तिथेच सांडले आहेत.

असेसमेंटमध्ये ‘हिअरिंग लॉस’ दिसलं की लगेच थांबू नका. पूर्ण नोट खालीवर चाळा. ईएनटीच्या नोटमध्ये बहुतेक वेळा ‘डेटा रिव्ह्यूड’ किंवा ‘ऑडिओग्राम टुडे’ अशी एक ओळ असते आणि तिथे डॉक्टरांनी स्वतः ‘बायलॅटरल एसएनएचएल, माइल्ड टू मॉडरेट’ (एसएनएचएल म्हणजे सेन्सरीन्यूरल हिअरिंग लॉस) लिहिलेलं असतं. हा त्यांनीच लावलेला अर्थ आहे. असेसमेंटशी त्याचा विरोध नसेल आणि तुमच्या कंपनीच्या लेखी धोरणात अशी ओळ ग्राह्य धरत असतील, तर एच९०.३ ला आधार मिळाला. तीच ओळ जुन्या भेटीतून कॉपी-पेस्ट होऊन आली असेल, तर मात्र सावध. तारीख पाहा. गेल्या वर्षीचा ऑडिओग्राम आणि आजचा यांत फरक असू शकतो.

मग हा क्लेम (विमा कंपनीकडे जाणारं बिल) कोणाचा आहे ते पाहा. ऑडिओलॉजिस्टने स्वतःच्या एनपीआयखाली (प्रोव्हायडरचा ओळख क्रमांक) ९२५५७ हा ऐकण्याच्या तपासणीचा कोड बिल केला असेल, तर त्या क्लेमपुरता प्रोव्हायडर तोच. त्याच्या अहवालात त्याने शब्दांत ‘दोन्ही कानांत सेन्सरीन्यूरल’ असा निष्कर्ष लिहिला असेल, तर त्याच्या क्लेमवर एच९०.३ योग्य आहे. त्याच दिवशी त्याच रुग्णाच्या डॉक्टरांच्या भेटीवर मात्र डॉक्टरांचं विधान लागेल. एकाच चार्टमधले दोन क्लेम दोन वेगळ्या कोडने जाणं विचित्र दिसतं खरं, पण नोंदी तशा असतील तर ते तसंच जाईल. प्रकार आणि बाजू हा ऑडिओलॉजिस्टचा प्रांत आहे. ओटोस्क्लेरोसिस, मेनिएर यांसारखं मूळ आजाराचं निदान डॉक्टरांकडूनच यायला हवं.

बाजूबद्दल नियम सैल आहे, आणि हे पुष्कळ कोडर्सना माहीत नसतं. डॉक्टरांनी कोणता कान ते लिहिलंच नाही, तर बाजू दुसऱ्या क्लिनिशियनच्या नोंदीवरून घ्यायला सूचना परवानगी देतात. विरोधाभास असेल तर विचारायचं. म्हणजे डॉक्टर ‘हिअरिंग लॉस’ म्हणतात, ऑडिओलॉजिस्टच्या अहवालात शब्दांत ‘बायलॅटरल’ आहे, तर डॉक्टरांच्या क्लेमला एच९१.९० (बाजू न सांगणारा) टाकायचं कारण नाही, एच९१.९३ टाकता येतो. बाजू उसनी घेता येते, प्रकार उसना घेता येत नाही. एवढं एक वाक्य मॉनिटरच्या कडेला चिकटवून ठेवलंत तरी पुष्कळ चार्ट सुटतील.

एवढं करूनही प्रकार सापडला नाही, तर क्वेरी, म्हणजे डॉक्टरांना लेखी प्रश्न. इथे घाईत एक चूक होते. ‘ऑडिओग्रामवरून सेन्सरीन्यूरल दिसतंय, कृपया तसं लिहावं’ अशी क्वेरी पाठवली जाते. ही उत्तर तोंडात घालणारी क्वेरी झाली, ऑडिटमध्ये ती टिकत नाही. क्वेरीत कोडचा नंबर, क्लेम अडकल्याचा उल्लेख, पैशाचा उल्लेख, यातलं काही नको. क्वेरी जाणार इंग्रजीत, पण तिची घडण साधारण अशी ठेवा:

‘अमुक तारखेच्या नोटमध्ये असेसमेंटखाली “हिअरिंग लॉस” अशी नोंद आहे. त्याच दिवशीच्या ऑडिओलॉजी अहवालात दोन्ही कानांचे एअर आणि बोन कंडक्शन थ्रेशोल्ड आणि टिम्पॅनोग्राम नोंदवलेले आहेत. आपल्या वैद्यकीय मतानुसार प्रत्येक कानातल्या श्रवणदोषाचा प्रकार, आणि ज्ञात असल्यास कारण, कृपया नोंदवावे. ठरवता येत नसल्यास तसे नमूद करावे.’

पर्याय देऊन विचारायचं असेल तर नोंदींत ज्यांना आधार आहे तेच पर्याय द्या, सोबत ‘अन्य’ आणि ‘ठरवता येत नाही’ ठेवा. उत्तर आलं तर ते तारीख-सहीसह अ‍ॅडेंडम (पुरवणी नोंद) म्हणून नोटमध्ये जायला हवं. चॅटमध्ये ‘येस, एसएनएचएल’ आलं म्हणून कोड बदलू नका. आता तुम्हाला कळेल, आलेख वाचता येणं कुठे उपयोगी पडतं. नीट प्रश्न तोच विचारू शकतो ज्याला आलेख वाचता येतो. तुमची ती कला वाया गेलेली नाही, ती चुकीच्या रकान्यात वापरली जातेय इतकंच.

क्वेरीचं उत्तर ठरलेल्या मुदतीत आलं नाही, तर चार्ट महिनोन् महिने ताटकळत ठेवू नका. मेडिकेअरला (अमेरिकेचा सरकारी आरोग्य विमा) सेवेच्या तारखेपासून एक वर्षाची मुदत असते, खासगी विमा कंपन्यांची मुदत बरेचदा त्याहून कमी. तिथे एच९१.९३ टाका आणि निर्धास्त राहा. मार्गदर्शक सूचना सांगतात की त्या भेटीत जेवढी खात्री होती तेवढ्याच पातळीचा कोड द्यावा, आणि नोंदींचा आधार नसलेला नेमका कोड निवडणं अयोग्य आहे. अनस्पेसिफाइड कोड ही शिवी नाही. ज्या नोंदीत तपशील होता आणि तो कोडरने पाहिला नाही, तिथे तो दोष आहे. तपशील नव्हताच, तिथे तो अगदी खरा कोड आहे.

आता तुमचा उजवा मिक्स्ड, डावा सेन्सरीन्यूरल. इथे एच९० ची रचना समजून घ्यायला हवी, कारण सगळ्यात जास्त चुका मी इथेच पाहतो. एच९०.०, एच९०.३ आणि एच९०.६ हे दोन्ही कानांत एकाच प्रकारचा दोष असेल तरच: अनुक्रमे दोन्हीकडे कंडक्टिव्ह, दोन्हीकडे सेन्सरीन्यूरल, दोन्हीकडे मिक्स्ड. एच९०.६ मधला ‘मिक्स्ड’ म्हणजे ‘दोन कानांत मिळून मिसळून’ असं वाटतं आणि बहुतेक जण तिथे घसरतात. मिक्स्ड हा एका कानाच्या आतला प्रकार आहे, दोन कानांची बेरीज नव्हे. दोष कमी-जास्त असेल, उजवा सौम्य आणि डावा तीव्र, पण दोन्ही सेन्सरीन्यूरल, तर तो एच९०.३ च. कोडमध्ये तीव्रतेला जागाच नाही. तीव्रता नोटमध्ये असते, कोडमध्ये ती शोधत बसू नका.

एच९०.१-, एच९०.४- आणि एच९०.७- हे एका कानाचे (शेवटच्या रेघेच्या जागी कोणता कान ते सांगणारा आकडा येतो). त्यांच्या नावात एक शेपूट आहे, ‘पलीकडच्या कानात श्रवण अबाधित’. म्हणजे एच९०.४१ टाकताना तुम्ही उजव्या कानाबद्दल तर बोलताच, शिवाय डावा कान ठीक आहे अशी ग्वाहीही देता. रुग्णाच्या डाव्या कानातही दोष आहे, फक्त वेगळ्या प्रकारचा, तर ही ग्वाही खोटी. म्हणूनच १ ऑक्टोबर २०१६ पासून एच९०.ए हा गट आला: पलीकडचा कानही बाधित असलेले एका कानाचे दोष. ए१ कंडक्टिव्ह, ए२ सेन्सरीन्यूरल, ए३ मिक्स्ड, आणि शेवटचा आकडा १ उजवा, २ डावा. तुमच्या चार्टला दोन कोड हवे होते: एच९०.ए३१ आणि एच९०.ए२२. जोडीने. एकटा टाकला तर अर्धीच गोष्ट सांगितली जाते. अर्थात डॉक्टरांनी किंवा त्या क्लेमच्या ऑडिओलॉजिस्टने हे प्रकार शब्दांत लिहिलेले असतील तरच. ते तुम्ही आलेखावरून ठरवले असतील, तर कोड बरोबर येऊनही चार्ट चूकच.

त्यातून एक सवय लावून घ्या. डॉक्टरांनी ‘राइट एसएनएचएल’ लिहिलं आणि डाव्याबद्दल अवाक्षर नाही, तर इंडेक्स (कोडची सूची) तुम्हाला एच९०.४१ कडे नेईल. पण अहवालात डाव्या कानाचे थ्रेशोल्ड खाली उतरलेले दिसले, तर क्वेरी टाका. दुसऱ्या कानाबद्दलचं मौन हे ‘नॉर्मल’ समजू नका.

एच९० च्या बाहेर तीन ठिकाणी पाय घसरतात. एच९१.२- हा अचानक आलेल्या श्रवणदोषाचा. रुग्ण म्हणतो ‘परवा अचानक ऐकू येईनासं झालं’, ती तक्रार झाली. डॉक्टरांनी निदान म्हणून ‘सडन हिअरिंग लॉस’ लिहायला हवं. वैद्यकात त्याची व्याख्या कडक आहे: ७२ तासांच्या आत, लागोपाठच्या तीन फ्रिक्वेन्सींना किमान ३० डेसिबलची घट. कानात मळ दाटल्यामुळेही ‘अचानक’ ऐकू येत नाही, आणि त्याचा कोड एच६१.२- असा अगदी वेगळा आहे. दुसरं, एच८३.३एक्स-, आवाजामुळे झालेला दोष. ‘तीस वर्षं कारखान्यात’ हे सोशल हिस्टरीत असणं आणि ४००० हर्ट्झला खाच दिसणं, या दोन्हींची बेरीज करून हा कोड टाकू नका. तो कामगार नुकसानभरपाईच्या दाव्यात पुरावा म्हणून वाचला जातो. तिथे कारण डॉक्टरांच्याच शब्दांत हवं. आणि तो मधला एक्स विसरू नका, नाहीतर क्लेम अवैध कोड म्हणून पहिल्याच गाळणीत परत येतो. तिसरं, औषधामुळे झालेला दोष, एच९१.०-. योग्य मात्रेत दिलेल्या जेंटामायसिनमुळे झाला असेल तर सोबत टी३६.५एक्स५ए, सिस्प्लॅटिनमुळे असेल तर टी४५.१एक्स५ए. औषधाचा कोड न जोडता नुसता एच९१.०३ पाठवला की कोणाचं औषध, कसलं औषध, काहीच कळत नाही.

या तिन्ही गटांना एच९० सोबत एक्सक्लूड्स१ आहे, म्हणजे ते एच९० सोबत टाकता येत नाहीत. म्हातारपणाच्या श्रवणदोषाचा, एच९१.१- चाही तोच प्रकार, कारण एच९१ च्या डोक्यावरच एच९० चं एक्सक्लूड्स१ बसलं आहे. ‘प्रेसबायक्यूसिस, बायलॅटरल एसएनएचएल’ असं एकाच ओळीत वाचून एच९१.१३ आणि एच९०.३ असे दोन्ही टाकले की एडिट (क्लेम अडवणारी तपासणी) लागणारच. एकाच दोषाचं ते वर्णन आहे. कोणतं अंतिम निदान धरायचं ते संदिग्ध असेल तर विचारा. अपवाद एकच: दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नसेल तर. डाव्यात जुना सेन्सरीन्यूरल दोष आणि उजव्यात गेल्या आठवड्यात सडन लॉस, असं डॉक्टरांनी वेगवेगळं मांडलं असेल, तर दोन्ही कोड टाकायला सूचना मुभा देतात.

जाता जाता, तपासणी नॉर्मल आली तर श्रवणदोषाचा कोड ओढून आणू नका. ज्या तक्रारीसाठी तपासणी मागवली ती कोड करा, उदाहरणार्थ टिनिटससाठी (कानात आवाज येत राहणं) एच९३.१-. नवजात बाळ पहिल्या स्क्रीनिंगमध्ये नापास झालं म्हणून पुन्हा तपासायला आणलं असेल, तर झेड०१.११०. एकाच कानाची तपासणी झाली असेल तर सीपीटीला (तपासणी-उपचाराच्या कोडला) ५२ मॉडिफायर (सेवा कमी झाल्याची खूण), कारण ऑडिओमेट्रीचे कोड दोन कान गृहीत धरतात.

आता टीएल सर. त्यांना खलनायक करू नका. एच९०.३ आणि एच९१.९३ यांच्यामुळे त्या भेटीचे पैसे सहसा वर-खाली होत नाहीत. पैसे सीपीटीवरून ठरतात, डायग्नोसिस फक्त गरज सिद्ध करतो. म्हणजे ते तुम्हाला काही लबाडी करायला सांगत नाहीयेत. काही विमा कंपन्या अनस्पेसिफाइड कोड परत पाठवतात, क्लायंट त्याचा हिशोब महिन्याच्या कॉलवर टीएलपुढे ठेवतो आणि ते दडपण तुमच्यापर्यंत उतरतं. त्यांची अडचण खरी आहे. त्यावर त्यांनी शोधलेला उपाय मात्र चुकीचा आहे, कारण तो कोडरला डॉक्टरच्या खुर्चीत बसवतो.

त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा दोन आठवडे एक तक्ता ठेवा. किती चार्टमध्ये प्रकार लिहिलेला नव्हता, त्यातल्या कितींमध्ये तो नोटच्या पोटात सापडला, किती क्वेरी गेल्या, कितींची उत्तरं आली, आणि कोणत्या डॉक्टरांकडून हे वारंवार होतं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. बहुतेक प्रोजेक्टमध्ये दोन-तीन डॉक्टरच निम्म्याहून जास्त त्रास देतात, आणि त्यांच्या ईएचआरच्या (संगणकावरच्या रुग्णनोंदीच्या) ड्रॉपडाउनमध्ये सगळ्यात वर ‘हिअरिंग लॉस, अनस्पेसिफाइड’ बसलेलं असतं. ते शोधत बसत नाहीत, पहिलं दिसेल त्यावर क्लिक करतात. (ड्रॉपडाउनने नोटमध्ये टाकलेला नुसता कोड नंबर म्हणजे निदानाचं विधान नव्हे, हेही लक्षात ठेवा. शब्द हवेत.) तो तक्ता घेऊन टीएलना सांगा, ‘सर, या दोन डॉक्टरांच्या टेम्प्लेटमध्ये चार जागा करून मागूया: उजव्या कानाचा प्रकार, डाव्या कानाचा प्रकार, कारण, सुरुवात कधी.’ क्लायंट कॉलवर ही सूचना टीएलच्या तोंडून गेली तर श्रेय त्यांना मिळेल. मिळू द्या. तुमच्या क्वेरी कमी होतील.

टीएलनी तरीही ‘आलेखावरूनच टाक’ म्हटलं, तर शांतपणे ईमेल करा: ‘असेसमेंटमध्ये प्रकार नसताना ऑडिओग्रामवरून एच९०.३ द्यावा अशी क्लायंटची लेखी सूचना आहे का? असल्यास कृपया पाठवावी म्हणजे क्यूएशी जुळवून घेता येईल.’ भांडणाचा एकही शब्द नाही, आणि प्रश्न कागदावर आला. तशी लेखी सूचना बहुधा येणार नाही. आलीच, तर ती कंपनीच्या कम्प्लायन्स (नियमपालन पाहणाऱ्या) विभागाला दाखवा. क्लायंटची सूचना अधिकृत सूचनांच्या वर जाऊ शकत नाही, आणि हे तुम्ही एकटीने सांगत फिरण्यापेक्षा त्या विभागाने सांगितलेलं बरं.

व्हॉट्सॲपबद्दल थोडं रागावून लिहितोय, समजून घ्या. नाव झाकणं पुरेसं नसतं. हिपाच्या सेफ हार्बर या ओळख पुसण्याच्या पद्धतीत १८ प्रकारची ओळख काढावी लागते आणि त्यात वर्ष सोडून तारखेचा प्रत्येक भाग येतो. ऑडिओग्रामवर तपासणीची तारीख असते, जन्मतारीख असते, कोपऱ्यात रेकॉर्ड नंबर असतो, खाली यंत्राचा सीरियल नंबरही असतो. घरून काम करताना स्क्रीनचा फोटो काढणं हाच तुमच्या कंपनीच्या करारात भंग असण्याची शक्यता मोठी. अचूकता ९१ वर आली म्हणून नोकरी जात नाही, या फोटोमुळे जाऊ शकते. तो फोटो ग्रुपवरून आणि मोबाइलमधूनही काढून टाका. तसा प्रकार घडल्याचं कम्प्लायन्सला कळवायचं बंधन तुमच्या करारात आहे का तेही पाहा. असेल तर उशीर करू नका. पुढे ग्रुपवर विचारायचंच असेल तर चार्ट न दाखवता प्रश्न शब्दांत विचारा: ‘एका कानात मिक्स्ड, दुसऱ्यात सेन्सरीन्यूरल लिहिलं असेल तर?’ एवढ्याने काम भागतं.

हीच अडचण असलेल्या इतर वाचकांसाठी एक खुलासा. इथलं सगळं अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या आयसीडी-१०-सीएमबद्दल आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मूळ आयसीडी-१० मध्ये एच९०.ए गट नाही आणि उजवा-डावाही नाही. आपल्याकडच्या रुग्णालयाच्या डिस्चार्ज कार्डावर नुसता एच९०.४ पाहून कोणी अपुरा कोड म्हणून नाक मुरडू नये. आणि सीएममध्येही दर १ ऑक्टोबरला बदल येतात, काही वेळा १ एप्रिललाही. जुन्या पीडीएफवर विसंबू नका.

प्रोजेक्ट बदलून मागू नका, निदान अजून तीन-चार महिने तरी. ईएनटी ही वळणावळणाची खासियत आहे आणि एकदा हात बसला की तिथे लोक कमी पडतात. एएपीसी या कोडर्सच्या अमेरिकी संस्थेची ईएनटीसाठी स्वतंत्र सीईएनटीसी परीक्षा आहे. कंपनी फी देत असेल तर विचारून पाहा.

राहता राहिल्या तुमच्या तीन एरर. एच९०.६ ची मान्य करा, ती तुमचीच आहे. एच९०.३ चा चार्ट पुन्हा उघडा: नोटमध्ये कुठेही प्रकार शब्दांत नसेल आणि क्लेम डॉक्टरांचा असेल, तर तीही मान्य करा. एच९१.९३ च्या चार्टमध्ये मात्र आधी पूर्ण नोट आणि ऑडिओलॉजी अहवाल वाचा. प्रकार कुठेच लिहिलेला नाही अशी खात्री झाली, तर रिबटल (एररवर लेखी हरकत) टाका. सोबत मार्गदर्शक सूचनांमधला विभाग १-बी-१८ जोडा, आणि बाजू ऑडिओलॉजिस्टच्या नोंदीवरून घेतली असेल तर १-बी-१३ सुद्धा.